‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणजे नक्की काय, ते आलं कुठून आणि ऑफिसात वापरायचं का

प्रश्न थोडक्यात असा होता. अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल चालू होता, इकडून एकजण म्हणाला की आजच रिलीज करून टाकू, त्यावर तिकडचा सीनियर म्हणाला ‘होल्ड युअर हॉर्सेस, टेस्टचे रिझल्ट तर येऊ देत’. तर हा ओरडा होता का, याचा अर्थ ‘पेशन्स ठेवा’ एवढाच का, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं हे खरंच तोफखान्यातून आलंय का. मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं आणि सबटायटलचं काम बरीच वर्षं करतेय, हे असले वाक्प्रचार रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी ओरड्याचं. नव्हता ओरडा, मनाला लावून घेऊ नका. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ हे घरगुती, मोकळं इंग्रजी आहे, आई पोराला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आणि टीममध्ये एखादा जुना माणूस नव्याला म्हणतो. त्यात ‘अरे हो हो हो, जरा थांब’ एवढाच भाव असतो. आवाज चढवून म्हटलं तर झोंबू शकतं, पण तसं ‘थांब’ हा साधा शब्दसुद्धा झोंबतो. आणि लगेच पुढे त्याने कारण दिलंय, रिझल्ट येऊ देत, म्हणजे तुमची आयडिया फेटाळलेली नाही, फक्त आत्ता नको म्हटलंय.

आता अर्थ. डिक्शनरीत ‘थांबा, धीर धरा’ असं दिसेल आणि ते चूक नाही, पण अपुरं आहे. हा वाक्प्रचार शांतपणे बसून वाट बघणाऱ्या माणसाला कोणी म्हणत नाही. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्या आजोबांना ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणायचं काहीच कारण नाही. ते म्हणतात अशा माणसाला जो आधीच निघालाय, ज्याचा हात बटणावर गेलाय, ज्याने निष्कर्ष काढून टाकलाय. टांगा किंवा बग्गी जवळून बघितलेल्या लोकांना हे लगेच कळेल. घोडं जुंपलंय, त्याला पळायचंय, ते पाय आपटतंय, मान खाली-वर करतंय, तोंडातली लोखंडी कडी चावतंय, आणि वर बसलेल्या माणसाने दोन्ही लगाम ताणून धरलेत. तो थांबलाय खरा पण आराम करत नाहीये, थांबून राहायला त्याची ताकद खर्च होतेय. म्हणजे जोर आहे, तयारी आहे, फक्त सोडू नकोस अजून, आणि तेही थोडा वेळच. महिनोन्‌महिने थांबायला सांगताना हा वाक्प्रचार कोणी वापरत नाही.

(जाता जाता, घोड्याने ती कडी चावणं यावरूनच ‘चँपिंग अ‍ॅट द बिट’ आलंय, सुटायला उतावीळ झालेला या अर्थी. अमेरिकेत त्याचं ‘चॉम्पिंग’ झालंय आणि आता तेच जास्त ऐकू येतं.)

आता उगम, इथे मात्र सावकाश जाऊ, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ याच भागाचा आहे.

बरेच लोक सांगतात की हे होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या इलियड या युद्धकाव्यात आहे, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनं. यात तथ्य आहे आणि तो प्रसंग इतका सुंदर आहे की मी सांगणारच. 23 वा सर्ग. पॅट्रोक्लस युद्धात मारला गेलाय, त्याच्या अंत्यसंस्कारानंतर त्याचा मित्र अकिलीस खेळांच्या स्पर्धा ठेवतो, आणि पहिलीच स्पर्धा रथांच्या शर्यतीची. पाच रथ आहेत. त्यात एक मेनेलाउस, ज्याच्या बायकोवरून म्हणजे हेलनवरून हे सगळं युद्ध पेटलं तो राजा, आणि एक अँटिलोकस, म्हाताऱ्या नेस्टरचा तरुण मुलगा. अँटिलोकसचे घोडे सगळ्यात धिम्यांपैकी, म्हणून बाप त्याला शर्यतीआधी बाजूला घेऊन समजावतो की बाबा रे, तुझे घोडे मंद आहेत पण डोकं चालव, वळणावरच्या खुंटाला अगदी लगटून वळ, डावा घोडा आत धर आणि उजव्याला लगाम सैल सोड.

शर्यत सुरू होते. एका ठिकाणी पावसाळी पाण्याने रस्ता खचलाय, तिथे दोन रथ शेजारी-शेजारी मावणार नाहीत एवढी अरुंद जागा उरलीय. मेनेलाउस पुढे आहे, तो सांभाळून मधोमध चाललाय. मागून अँटिलोकस येतो, रस्त्यावरून जरा बाजूला उतरतो आणि तिथूनच रथ पुढे घुसवतो. मेनेलाउस घाबरून ओरडतो, की अँटिलोकस, वेड्यासारखा हाकतोयस, घोडे आवर, इथे रस्ता अरुंद आहे, पुढे रुंद होईल तिथे मला मागे टाक, नाहीतर माझ्या रथावर आदळून दोघांचाही घात करशील. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ अगदी ‘घोडे आवर’ असाच आहे. अँटिलोकस ऐकलंच नाही असं दाखवतो आणि उलट चाबूक आणखी चालवतो. थाळीफेकीत थाळी जेवढी लांब जाते साधारण तेवढं अंतर दोघे शेजारी-शेजारी धावतात, आणि मग मागे कोण येतं तर मेनेलाउस. टक्कर होऊन रथ उलटू नयेत म्हणून तो मुद्दाम आपलेच घोडे मंद करतो. म्हणजे ‘घोडे आवर’ असं ज्याने सांगितलं, शेवटी त्यानेच आवरले.

पुढचं तर मला त्याहून आवडतं. अँटिलोकस दुसरा येतो, मेनेलाउस तिसरा. दुसऱ्या नंबरचं बक्षीस म्हणजे सहा वर्षांची गाभण घोडी, आणि मेनेलाउस सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो की तू फसवून पुढे गेलास, आता घोड्यांवर हात ठेव आणि पोसायडन देवाची शपथ घेऊन सांग की मुद्दाम केलं नाही. आणि तो पोरगा शपथ घेत नाही. म्हणतो, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, तरुणांचं मन घाईचं असतं आणि विवेक तोकडा असतो हे तुम्हाला माहितीच आहे, ही घ्या घोडी. यावर मेनेलाउसचा राग उतरतो आणि तो घोडी त्यालाच परत देऊन टाकतो. उतावीळपणावर इतकं समजूतदार काही मी फार कमी वाचलंय.

पण. हा ‘पण’ महत्त्वाचा आहे. या प्रसंगात समोर खरोखरचे घोडे आहेत, खरा लगाम आहे, खरा अरुंद रस्ता आहे. हा वाक्प्रचार नाही, ही शब्दशः सूचना आहे. जिथे जिथे माणसाने रथ हाकला तिथे तिथे कोणीतरी कोणालातरी घोडे थांबव म्हटलेलंच असणार. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कृष्णाला सांगतो की दोन्ही सैन्यांच्या मध्ये माझा रथ उभा कर, म्हणून आपण आजचा इंग्रजी वाक्प्रचार कुरुक्षेत्रावरून आला असं म्हणणार आहोत का? नाही ना. वाक्प्रचार तेव्हा जन्मतो जेव्हा घोडे नसतात आणि तरी लोक घोडे आवर म्हणतात आणि ऐकणाऱ्याला बरोबर समजतं.

तसा वापर छापील स्वरूपात सापडतो तो अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या पिकायून नावाच्या वर्तमानपत्रात, 1844 साली. (हे पत्र 1837 ला सुरू झालं आणि पिकायून हे तेव्हा तिकडे चालणाऱ्या एका छोट्या स्पॅनिश नाण्याचं नाव, अंकाची किंमत तेवढी म्हणून पत्राचं नाव तेच.) त्यातलं वाक्य असं, ‘ओ, होल्ड युअर हॉसेस, स्क्वायर. देअर्स नो यूज गेटिन राइल्ड, नो हाऊ.’ म्हणजे अहो साहेब, जरा दमानं घ्या, चिडून काही उपयोग नाही. यात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ‘हॉर्सेस’ नाही, ‘हॉसेस’ आहे, तिकडच्या बोलीतला उच्चार जसाच्या तसा छापलाय, म्हणजे हे पुस्तकी लोकांचं नव्हतं, रस्त्यावरच्या बोलण्यातलं होतं. दुसरं म्हणजे साहेबांच्या हातात इथे लगाम नाही, आवरायचाय तो राग. आणि वाचकाला ते समजावून सांगायची गरज त्या पत्राला वाटलेली नाही, याचा अर्थ लोकांच्या तोंडी ते आधीपासून रुळलेलं असणार.

नीट ‘हॉर्सेस’ असं स्पेलिंग यात स्थिर व्हायला बराच काळ गेला. 1939 साली चॅटलेन या कॅनडातल्या बायकांच्या मासिकात ‘होल्ड युअर हॉर्सेस, डिअर’ असं येतं, आणि तोवर फोर्डची मॉडेल टी ही मोटार येऊन तीस वर्षं झालेली होती, शहरांतल्या रस्त्यांवरचे घोडे कमी होत चालले होते. घोडे गेले पण बोलण्यातून नाही गेले, हे सगळ्याच भाषांत होतं, आपल्याकडे टांगे गेले तरी माणसं अजून मुलांना ‘लगाम घाल’ म्हणतातच.

आता तोफखान्याची गोष्ट. फॉरवर्डमध्ये असं असतं की अमेरिकन यादवी युद्धात तोफा उडाल्या की घोडे बिथरायचे, म्हणून अधिकारी ओरडायचे ‘होल्ड युअर हॉर्सेस’, आणि तिथून हे आलं. ऐकायला पटतं, कारण त्यातले तपशील खरे आहेत. तेव्हा एकेक तोफ ओढायला सहा-सहा घोडे असायचे, आणि घोडदळ जमिनीवर उतरून लढताना दर चौथा स्वार मागे राहून बाकीच्यांचे घोडे धरून उभा राहायचा. पण ते युद्ध झालं 1861 ते 1865 या काळात आणि पिकायूनमधलं वाक्य आहे 1844 चं. बस, एवढ्यावर विषय संपतो. मुलगा बापाच्या आधी जन्मत नाही. काही जण मग चीनमधली तोफेची दारू, रोमन सैन्य असं आणखी मागे जातात, तिथे तर दाखवायला एक ओळसुद्धा नसते.

माझं कळकळीचं सांगणं आहे की उगमाची कुठलीही गोष्ट आली की पहिला प्रश्न हाच विचारा, लिखित पुरावा कुठल्या सालचा? ऑक्सफर्डचा मोठा कोश याच पद्धतीवर उभा आहे, प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे, आणि ते उतारे गोळा करायला शेकडो साध्या वाचकांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या लिहून पाठवल्या. 1884 ला पहिला भाग निघाला आणि सगळा कोश पुरा व्हायला 1928 उजाडलं. एवढी मेहनत समोर असताना आपण कोणीतरी टाइप केलेली चार ओळींची गोष्ट खरी धरायची, हे मला बरोबर वाटत नाही.

मराठीत काय म्हणायचं हा भाग माझ्या रोजच्या कामाचा. ‘तुझे घोडे आवर’ असं शब्दशः केलं तर प्रेक्षक पडद्यावर घोडा शोधायला लागतो. सबटायटलला जागाही कमी असते, म्हणून मी माणूस बघते. आई पोराला म्हणत असेल तर ‘हो हो, थांब जरा’. गावाकडचा माणूस असेल तर ‘दमानं घे’. ऑफिसातला सीनियर असेल तर ‘एवढी घाई नको’. भांडण तापलं असेल तर ‘धीर धर’ पेक्षा ‘स्वतःला आवर’ जास्त बसतं, कारण आपण घोडाही आवरतो आणि रागही आवरतो, क्रियापद एकच. एक सावधगिरी मात्र ठेवा, मराठीत घोडं आहे म्हणून ‘घोडं दामटू नकोस’ असं करू नका. आपलंच घोडं पुढे दामटणं म्हणजे दुसऱ्याचं न ऐकता स्वतःचं म्हणणं रेटणं, त्यात आरोप आहे, आणि इंग्रजी वाक्यात आरोप नाही. तुमच्या त्या सीनियरचं पूर्ण वाक्य मी मराठीत असं आणलं असतं, ‘थांबा हो, एवढी काय घाई, घोडामैदान जवळच आहे, रिझल्ट येतीलच’.

लोक याच्याशी गल्लत करतात असे आणखी दोन-तीन वाक्प्रचार आहेत, ते सांगून टाकते, कारण इंग्रजीत वाट बघण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि चुकीचा उचलला की अर्थ पार बदलतो.

‘बाइड युअर टाइम’ म्हणजे योग्य संधी येईपर्यंत गप राहणं. इथे घाई नाहीच, उलट हिशोब आहे. ‘बाइड’ हे फार जुनं इंग्रजी क्रियापद, राहणं किंवा थांबणं या अर्थाचं, आता सर्वसाधारण इंग्रजीत ते जवळपास याच वाक्प्रचारात उरलंय, स्कॉटलंडमध्ये मात्र अजून बोलण्यात आहे. चीनबद्दलच्या लेखांत ‘हाइड अँड बाइड’ वाचलं असेल, डेंग शियाओपिंग यांच्या परराष्ट्र धोरणाच्या सूत्राचं ते इंग्रजी रूप, आपली ताकद दाखवू नका आणि वेळ येऊ द्या. त्यामुळे क्लायंटला कृपा करून ‘वी आर बायडिंग अवर टाइम’ असं लिहू नका, त्याला वाटेल तुम्ही दबा धरून बसलायत.

‘कूल युअर हील्स’ म्हणजे ताटकळणं, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याने तिष्ठत ठेवल्यामुळे. सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. चालून तापलेले पाय उभं राहून राहून थंड होतात, एवढी साधी कल्पना. साहेबांच्या केबिनबाहेर तासभर बसवून ठेवलं, त्याला हे. यात तक्रारीचा सूर असतोच.

आणि ‘हँग फायर’. हा मी मुद्दाम घेतेय, कारण भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं याच्याशिवाय चालतच नाहीत, अमुक प्रस्ताव हँगिंग फायर, तमुक पूल हँगिंग फायर. आगीशी काही संबंध असेल असं वाटतं आणि आहे, पण तो बंदुकीतला. जुन्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची, ती बाहेरच्या छोट्या पन्हाळीत ठेवलेल्या दारूवर. ती पेटली की बारीक छिद्रातून जाळ आत जायचा आणि नळीतली मुख्य दारू उडायची. आता कधीकधी दारू दमट असली किंवा छिद्र बुजलेलं असलं की बाहेर भक्कन पेट घ्यायचा पण आतून बार लगेच निघायचा नाही, क्षणभर रेंगाळायचा. ते हँग फायर. आणि तो क्षण फार धोक्याचा, कारण उडालीच नाही असं समजून नळीत डोकावायला गेलात तर तेवढ्यात उडायची. म्हणून आजही बार रेंगाळल्याची शंका आली तर नेमबाजीत नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायला शिकवतात. बाहेरची दारू पेटून आत काहीच झालं नाही तर ते ‘फ्लॅश इन द पॅन’, तो वाक्प्रचारही त्याच पन्हाळीतून निघालाय. तर काम मंजूर झालंय, घोषणा झालीय, पण पुढे काही हलत नाही, तिथे हँगिंग फायर चपखल बसतं. माणसाला थांब म्हणायला ते चालत नाही.

वापराचं शेवटी. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ मध्ये हॉर्सेस कायम अनेकवचनीच, समोर एकच माणूस असला तरी. ‘टेल हिम टु होल्ड हिज हॉर्सेस’ असं दुसऱ्याबद्दलही म्हणता येतं. पण ‘आय अ‍ॅम होल्डिंग माय हॉर्सेस’ असं स्वतःबद्दल फारसं कोणी म्हणत नाही, कानाला विचित्र वाटतं. बरोबरीच्या माणसाला, ओळखीच्या टीममध्ये, बोलताना बिनधास्त वापरा. ईमेलमध्ये, वरिष्ठांना, नव्या क्लायंटला किंवा जो आधीच चिडलाय त्याला नको, कारण त्यात ‘तू उतावीळ आहेस’ हे गृहीत धरलेलं असतं आणि लेखी शब्दात हसू दिसत नाही. खर्च किंवा उत्साह आवरायला सांगायचं असेल तर ‘रेन इन’ वापरा, तेही लगामावरूनच आलंय, फक्त स्पेलिंग आर-ई-आय-एन, त्यात जी टाकला की ते राज्य करणं होतं आणि ही चूक चांगल्या चांगल्या पेपरांतही छापून येते.

आणि तुम्हालाच थोडा वेळ हवा असेल तर ‘प्लीज बेअर विथ मी’ लिहा, म्हणजे जरा सांभाळून घ्या. इथेही स्पेलिंग बघा, अस्वलाचं बी-ई-ए-आर तेच, सहन करणं या अर्थाचं. बी-ए-आर-ई लिहिलंत तर त्याचा अर्थ माझ्याबरोबर कपडे काढा असा निघतो. पुढच्या कॉलला रिझल्ट यायला उशीर होणार असेल तर हे वाक्य आणि सोबत एक नक्की वेळ द्या, उदाहरणार्थ संध्याकाळी सहापर्यंत कळवतो.